वय झालं की बळ जायचंच?

‘आता वय झालं गं, गुडघ्यावर हात टेकल्याशिवाय उठवत नाही!’ ठाणे असो की कल्याण-डोंबिवली, भिशीत, भजनी मंडळात हे वाक्य हटकून ऐकू येतं. बोलणारी कधी कधी पन्नाशीचीही नसते. हाडांसाठी आपण कॅल्शियम घेतो. पण त्या हाडांना उभं धरणाऱ्या स्नायूंचं काय?

चाळिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात. त्याचं एक कारण पेशीत दडलेलं आहे. स्नायू प्राणवायू वापरून ताकद तयार करतात. चूल पेटली की थोडा धूर होतो, तसे त्यातून काही उपद्रवी कण निघतात. तरुण शरीर हा धूर बाहेर काढतं. पण वय वाढलं, हालचाल मंदावली, मधुमेह जडला, की तो साठतो. मग स्नायूंमधली प्रथिनं मोडतात जास्त आणि बनतात कमी. डॉक्टर याला ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस’ म्हणतात.

आपली तर मुळातली पुंजीच कमी. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून आसपासच्या गावांतल्या माता-बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधली ३.५ किलोंची. आपल्या बाळांची चरबी बरीचशी टिकून होती, कमी होते ते स्नायू!

यावर बाजार म्हणतो, ‘अँटिऑक्सिडंट’ची गोळी घ्या. पण जर्मनीतला २००९चा अभ्यास बघा. व्यायाम करणाऱ्या तरुणांना चार आठवडे क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या. इन्सुलिनचं काम सुधारण्याचा व्यायामाचा फायदा त्यांना मिळालाच नाही. थोडा धूरही शरीराला जागं करायला लागतो! याउलट १९९०मध्ये बोस्टनला नव्वदीच्या आजी-आजोबांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम केला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली.

म्हणून मला वाटतं, गोळीचे पैसे डाळ, दूध, अंडी, शेंगदाण्यांवर घालावेत. आयसीएमआरच्या २०२०च्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या बाईला रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. आणि आपण? सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्याच्या तळाची आमटी घेतो. याला त्याग म्हणणं आता पुरे!

‘घरकाम होतंच की, वेगळा व्यायाम कशाला?’ हेही नेहमीचंच. पण रोजच्या सवयीच्या कामाचा स्नायूंवर नवा भार पडत नाही. ओटा धरून टाचा उचला. हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठबस करा. अशा पाच उठबशांना बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर डॉक्टरांशी बोला. हृदयाचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, तर आधी विचारूनच सुरुवात करा.

महिला मंडळांनीही भिशीच्या दिवशी पंधरा मिनिटं यासाठी ठेवावीत. मैत्रिणींनो, म्हातारपणी स्टेशनचा जिना आपला आपण चढता येणं, न्हाणीघरात कुणाला हाक मारावी न लागणं, याहून मोठा दागिना कुठला?