एक गोळी, एक कलम आणि आपण

'मुक्त व्यापार करार' अशी हेडलाइन दिसली की आपण काय करतो? सरळ पुढे स्क्रोल. फार तर चॉकलेट, घड्याळं स्वस्त होणार का, एवढं बघतो. पण या करारांच्या टेबलावर औषधंही असतात. त्यातल्याच एका गोळीची ही गोष्ट.

तिचं नाव इमॅटिनिब. 'क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया' या रक्ताच्या कॅन्सरवरची. या आजारात ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि त्यातून बनणारं प्रथिन पांढऱ्या पेशींना 'वाढत राहा' असं सांगत सुटतं. इमॅटिनिब नेमकं त्यालाच अडवतं. अमेरिकेत २००१ मध्ये त्याला मान्यता मिळाली. मेख एकच, बहुतेक पेशंटना ही गोळी रोज, वर्षानुवर्षं घ्यावी लागते.

स्विस कंपनी नोव्हार्टिसच्या 'ग्लिव्हेक'चा महिन्याचा खर्च होता सुमारे १ लाख २० हजार रुपये. भारतीय कंपन्यांचं तेच औषध ८ ते १० हजारांत मिळायचं. नोव्हार्टिसने त्याच्या एका स्फटिकरूपावर भारतात पेटंट मागितलं. मुंबईच्या 'कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन'नेही विरोध केला. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला आणि १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टानेही नकारच दिला.

आधार होता पेटंट कायद्याचं कलम ३(ड). जुन्याच औषधाचं रूप बदललं तर ते रोगावर जास्त गुणकारी आहे, हे सिद्ध करा; नुसतं शरीरात जास्त शोषलं जातं, एवढं पुरेसं नाही.

कंपनीची बाजूही ऐका. संशोधनाला प्रचंड पैसा लागतो आणि नोव्हार्टिस अनेक पेशंटना ग्लिव्हेक फुकट देत होती. पण फुकट देणं कंपनीच्या मर्जीवर असतं. बाजारात स्पर्धा असली की कुणाची मर्जी सांभाळावी लागत नाही.

आता हे आज का? कारण दबाव नव्या वाटेने येतो. 'डेटा एक्सक्लुझिव्हिटी' हा शब्द लक्षात ठेवा. मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या आधारे जेनेरिक औषधाला ठरावीक वर्षं मंजुरीच द्यायची नाही, म्हणजे पेटंट नसलं तरी वाट अडवलेलीच! स्वित्झर्लंडसह चार देशांशी मार्च २०२४ मध्ये झालेल्या कराराच्या वाटाघाटीतही ही मागणी होती. भारताने ती मानली नाही. पुढच्या करारात ती पुन्हा येऊ शकते.

तेव्हा पुढची तशी हेडलाइन दिसली की थांबा. चॉकलेटचं वाचून झालं की औषधांचं काय ठरलं, तेही शोधा.