मारक्या बैलाचा धनी



नाताळ किंवा लग्नसराई आली की उधन्यातली आपली कुटुंबे नवापूर, नंदुरबार, जळगावकडे निघतात. गुजरातमध्ये परवान्याशिवाय दारू पिणे हाच गुन्हा आहे. म्हणून काहीजण हद्दीपलीकडे किंवा दमणला जाऊन पितात आणि स्वतःच गाडी चालवत परततात. "पकडलेच तर दंड भरू," असे सहज म्हटले जाते. आपल्याला वाटते, दोष मोजायची ही रीतच चुकीची आहे.

निर्गमाच्या 21व्या अध्यायात बैलाविषयी एक नियम आहे. बैलाने हुंदडून माणूस मारला तर बैलाला मारावे, धनी निर्दोष. पण बैल मारका आहे हे धन्याला आधी बजावले असूनही त्याने तो आवरला नाही, तर धनीही मरणदंडास पात्र. मेलेला माणूस तसाच मेला; पण धन्याला ठाऊक होते, म्हणून दोष वाढला.

आपल्या देशाचा कायदाही असाच चालतो. 100 मिलिलीटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क सापडला, तर पहिल्या वेळी 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला, तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. कारण आता तो बजावलेला धनी आहे. गुजरातमध्ये दारूबंदी कायद्याचा गुन्हा वेगळाच.

कोणाचा जीव गेला, तर निष्काळजीपणासाठी 5 वर्षांपर्यंत कैद आहे. पण आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो हे चालकाला ठाऊक होते असे ठरले, तर सदोष मनुष्यवध, म्हणजे 10 वर्षांपर्यंत. 2006 साली मुंबईच्या कार्टर रोडवर, फुटपाथवर झोपलेले 7 मजूर गाडीखाली मेले. खालच्या न्यायालयाने चालकाला 6 महिने दिले. उच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवध मानून 3 वर्षे केली, आणि 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली.

दोष फक्त चालकाचाही नाही. पिऊन गाडी चालवायला साथ देणाऱ्यालाही तीच शिक्षा होऊ शकते. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड आहे.

मग मंडळीत आपण गप्प का राहतो? भाऊ पितो हे ठाऊक असते, तो चावी घेऊन उठतो तेही दिसते. "त्याच्या घरचा प्रश्न" म्हणून आपण जेवणाच्या पंगतीकडे वळतो. आपल्यालाही बजावलेले आहे. म्हणून यंदा प्रत्येक समारंभात चाव्या सांभाळायला एक न पिणारा माणूस नेमू या. भाऊ रागावला तर रागावू द्या. दुसऱ्या दिवशी प्रेमाने त्याच्या घरी जाऊ, व्यसन सोडवायला सोबत राहू.

प्रभो, जे आम्हांला ठाऊक आहे ते वेळेवर बोलण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.