अठरा तास एक दिवस, की एक तास रोज?

जयंती जवळ आली की कॉलेजांत, वसतिगृहांत, विहारांत सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. बाबासाहेबांना पुस्तक हातात घेऊन अभिवादन करायचं, ही त्यामागची कल्पना मला आवडते. डीजेपेक्षा तर केव्हाही बरी. पण हे आरोग्याचं पान आहे, तेव्हा थोडं स्पष्ट लिहिते. अठरा तास बसलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपतं, तिसऱ्या दिवशी मोबाईल घेऊन बसतं आणि पुस्तक पुढच्या एप्रिलपर्यंत फळीवर जातं. याला अभिवादन म्हणा, सवय म्हणू नका. पोलीस भरती, नर्सिंगचा प्रवेश, तलाठ्याची परीक्षा या गोष्टी निघतात त्या सवयीने.

बाबासाहेबांचंच बघा. १९१३ साली ते अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ ला एम.ए., १९१६ ला लंडन. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अर्धा अभ्यास टाकून परत यावं लागलं. १९२० ला पुन्हा गेले आणि १९२३ ला डी.एस्सी. मिळवून आले. मोजा, दहा वर्षं होतात. दहा वर्षं कोणी नुसत्या जोशावर बसू शकत नाही. रोजची बैठक होती, म्हणून मधली तीन वर्षं तुटूनही धागा सुटला नाही.

दुसरी बाजू मात्र आपण मुलांना सांगत नाही. पुढे मधुमेह, रक्तदाब आणि पायांच्या दुखण्याने बाबासाहेबांना फार छळलं. पासष्टाव्या वर्षी ते गेले. जागरणानेच हे आजार झाले असं मी म्हणत नाही, आजाराला अनेक कारणं असतात. पण त्यांच्यापुढे काम डोंगराएवढं होतं आणि वाटून घ्यायला माणसं थोडी होती. ती झीज त्यांनी आपल्यासाठी सोसली. आपल्या मुलांनी तिची नक्कल करायचं कारण नाही. दहावी-बारावीच्या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, मोठ्यांना किमान सात. दिवसभर वाचलेलं मेंदूत पक्कं बसतं ते झोपेत. रात्री दोनपर्यंत जागणारी मुलगी जास्त अभ्यास करते असं आईला वाटतं. खरं तर ती वाचलेलंच सांडत असते.

सवय म्हणजे काय, हे मला वॉर्डात कळलं. रात्रपाळीला पहाटे चार वाजता कुठल्याही सिस्टरला उत्साह नसतो. तरी इंजेक्शन वेळेवर जातं, तापमान लिहिलं जातं, प्रत्येक पेशंटच्या आधी आणि नंतर हात धुतले जातात. कारण ते काम मनाच्या मर्जीवर सोडलेलंच नसतं. औषधाचा तक्ता खाटेला असतो, साबण बेसिनवर असतो, पाळी बदलताना दुसरी सिस्टर विचारणारच असते. आम्हाला शिकवताना सांगायचे की जे लिहिलं नाही ते केलंच नाही. जागा ठरलेली, वेळ ठरलेली आणि विचारणारं कोणीतरी. या तीन गोष्टी असल्या की साधा माणूसही पक्का कामगार होतो. आपली मुलं हुशारीत कमी पडत नाहीत. दहा बाय बाराच्या खोलीत त्यांना जागा नसते, वेळ नसते आणि विचारणारी माय कामावरून थकून आलेली असते. म्हणून ‘त्याला सवयच नाही’ असं पोराच्या नावाने बोटं मोडण्याआधी घराने काय मांडून दिलं ते बघायला हवं.

एकवीस दिवसांत सवय लागते, असं मोबाईलवर बरेच जण सांगतात. तसं काही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर याचा अभ्यास झाला, २००९ साली तो छापून आला. प्रत्येकाने एक छोटी गोष्ट निवडली होती. कोणी जेवणासोबत फळ खायचं, कोणी जेवणाआधी थोडं पळायचं. ती गोष्ट आपोआप होऊ लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८ दिवस पुरले, कोणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. त्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. मधला एखादा दिवस चुकला तरी सवय मोडली नाही.

आपल्याकडे हे फार कामाचं आहे. नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळं घर हंडे-कळशांमागे असतं. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात किंवा डाळमिलमध्ये पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते. मे महिन्यात पारा ४५ कडे जातो तेव्हा पत्र्याच्या घरात दुपारी पुस्तक उघडणं म्हणजे शिक्षाच, त्या दिवसांत पहाटेचा ओटाच बरा. म्हणून सवय घड्याळाला बांधू नका, रोज होणाऱ्या कामाला बांधा. ताटं उचलली की टीव्ही बंद आणि पुस्तक उघडं. भाकरीचा तवा उतरला की आईने रक्तदाबाची गोळी घ्यायची, पाकीट डब्यांच्या फळीवरच ठेवायचं. पाण्याचा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचं. ‘आता मोडलंच’ म्हणून सोडायचं नाही.

वाईट सवयीसुद्धा अशाच बांधलेल्या असतात. उठल्या उठल्या मिश्री, काम उरकलं की तंबाखूची चिमूट. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या चारपैकी एकापेक्षा जास्त मोठ्या माणसांना कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू होता, आणि त्यात ओढण्यापेक्षा चघळण्या-लावण्याचं प्रमाण कितीतरी मोठं होतं. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, ती टपरीवर किती दिसते ते तुम्ही जाणता. आपण पाचवं शील घेतो ते दारूपुरतं धरतो. मिश्री लावणाऱ्या मावश्यांना त्यात काही वावगं वाटत नाही, दात साफ होतात असंच त्या मानतात. त्यांना व्याख्यान देऊन उपयोग नाही. मिश्रीची डबी जिथे असते तिथे ब्रश आणि पेस्ट ठेवा, त्याच वेळेला ब्रश हातात द्या. पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, शौचाला त्रास होतो. ते तंबाखू सुटत असल्याचं लक्षण आहे, आजार नव्हे. एकटीने जमत नसेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट लागतो.

आता माझी सूचना. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपला वर्षावास असतो, म्हणजे तीन महिने, जवळजवळ नव्वद दिवस. पुष्कळ विहारांत या काळात रोज ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. म्हणजे जागा, वेळ आणि विचारणारी माणसं आपल्याकडे आयती आहेत. त्या ९६ जणांची सरासरी ६६ दिवसांची होती, आपल्याला नव्वद मिळतात. धुळ्याची मंडळी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातात, १९३७ साली कोर्टाच्या कामासाठी बाबासाहेब धुळ्याला आले तेव्हा तिथे थांबले होते म्हणून. वर्षावास आणि ती यात्रा आसपासच येतात. तिथून येताना मुलाला बिल्ला घेतो तसं एक वहीही घ्यावी. अभ्यास झाला की तारखेपुढे खूण करायची, विहारातल्या कोणी मोठ्याने आठवड्यातून एकदा ती बघायची.

ग्रंथवाचन झालं की विहाराला कुलूप लागतं. ते आणखी दोन तास लागू नये. कोणाला अभ्यास, कोणाला वाचायला शिकायचं असेल तर ते, कोणाला नुसतं शांत बसायचं असेल तर तेही. बैठकीत लाइटबिलाचा प्रश्न निघेल म्हणून हिशोब करून आणला आहे. २० वॅटच्या दोन ट्यूब आणि ७० वॅटचे दोन पंखे रोज दोन तास चालले तर महिन्याला अकरा युनिटसुद्धा होत नाहीत. मिरवणुकीतल्या डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती वर्षांचं बिल निघेल ते समितीने कागदावर मांडावं. मग एवढंच ठरवायचं राहतं की किल्ली कोणाकडे असेल. तरुण मंडळाकडे नको, विहाराजवळ राहणाऱ्या एखाद्या आजीकडे द्या. त्या वेळ चुकवत नाहीत, आणि कोण आलं नाही हे त्यांना न विचारता कळतं.