कब्रस्तानाच्या फाटकावरचं घर

अब्बांचा इंतेकाल झाला तेव्हा रात्रीचे पावणेतीन वाजले होते. ऑगस्ट महिना, बाहेर झड लागलेली. पहिला फोन मी डॉक्टरांना केला, दुसरा पुण्यातल्या थोरल्या भावाला आणि तिसरा कब्रस्तानाच्या फाटकाला लागून असलेल्या घरी. पहिले दोन फोन बराच वेळ वाजत राहिले. तिसरा दुसऱ्या रिंगलाच उचलला गेला. आधी 'इन्ना लिल्लाह' ऐकू आलं आणि लगेच, "कौन, मास्टर? फज्र के बाद आतूं. पानी गरम करनेकू बड़ा भगोना है ना घर में?"

पुढचे दहा तास त्या माणसाने चालवले. बोरीचा पाला कुठून आणायचा, कापूर किती, कफनाचं कापड कोणाकडून घ्यायचं, कबरीत पाणी साचू नये म्हणून काय करायचं, जनाजा जोहरनंतर ठेवायचा की असरनंतर, हे सगळं त्याने ठरवलं. आम्ही तिघं शिकलेसवरलेले भाऊ त्याच्या तोंडाकडे बघत उभे होतो. गुस्लच्या वेळी माझ्या हातात तांब्या होता. "सीधे बाजू से," चाचा म्हणाले आणि मी डाव्या बाजूला पाणी ओतलं. त्यांनी काही न बोलता माझं मनगट धरून उजवीकडे वळवलं.

मी कॉलेजात शिकवतो. इस्लामवर मराठीतून व्याख्यानं देतो. वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी मला बापाला अंघोळ घालता येत नव्हती. हा लेख त्या लाजेतून लिहितोय, असं समजा.

आमचं गाव तालुक्याचं. मुसलमानांची पाच-सहाशे घरं, तीन मशिदी आणि एक कब्रस्तान. कब्रस्तानाच्या फाटकाशी पत्र्याचं घर आहे. तिथे गोरकनाचं, म्हणजे कबर खोदणाऱ्याचं कुटुंब राहतं. चाचा, चाची, दोन मुलं. चाचांचे आजोबा इथे आले तेव्हापासून चौथी पिढी. पुरुषांना गुस्ल चाचा देतात, बायकांना चाची. कबर खोदणं मुलांकडे. गावातली बाई रात्री दोन वाजता गेली तर चाचीला उठवतात, आणि ती वझू करून, डोक्यावरून ओढणी घेऊन निघते. बायकांचं गुस्ल जाणणारी तिच्याशिवाय दुसरी बाई गावात नाही. मागे तिला डेंग्यू झाला तेव्हा एक मय्यत सहा तास थांबली, शेवटी शेजारच्या तालुक्यातून एका बाईला जीपने आणलं.

कबर खोदणं म्हणजे नुसता खड्डा काढणं, असं बऱ्याच जणांना वाटतं. आमच्याकडची जमीन वर काळी, खाली मुरूम. उन्हाळ्यात काळी माती दगडासारखी होते आणि पावसाळ्यात कडा ढासळतात. डोकं उत्तरेला, चेहरा पश्चिमेला, किब्ल्याकडे. त्यासाठी आतला खोलगट भाग नेमका हवा. वर फळ्या अशा बसायला हव्यात की मय्यतीवर माती पडणार नाही. कमिटीतल्या एका हौशी सदस्याने एकदा जेसीबी लावायची कल्पना काढली होती. जेसीबी आत कसा नेणार? दोन कबरींच्या मध्ये माणूस आडवा होऊन चालतो. धाकट्या मुलाने तेवढंच विचारलं आणि विषय संपला.

या साखळीत आणखी एक माणूस आहे, तो मुसलमान नाही. बाजारपेठेतला कापड दुकानदार. रात्री कधीही शटर वाजवलं तरी तो खाली येतो, पांढरं कापड मोजतो. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच, हे त्याला आमच्या तरुण पोरांपेक्षा चांगलं ठाऊक. कफनाच्या कापडावर तो नफा घेत नाही, घासाघीसही होऊ देत नाही. त्याच्या वडिलांपासूनची ही रीत. गावात ताणतणावाचे दिवस आले आणि गेले, ते शटर उघडायचं थांबलं नाही.

अमेरिकेत राहणारा माझा एक मित्र सांगतो, तिकडे लहान गावांतही 'फ्युनरल होम' असतं. बहुधा एकाच कुटुंबाचं, दोन-तीन पिढ्या चालत आलेलं. मय्यतीची कागदपत्रं, गाडी, थंड खोली, सगळं तेच बघतात. कित्येक ठिकाणी मुसलमानही त्यांचीच जागा वापरतात. गुस्ल आपली माणसं देतात, बाकी व्यवस्था त्यांची. ते कुटुंब गावात प्रतिष्ठित असतं आणि दारावर त्याच्या आडनावाची पाटी असते. १९८४ पासून तिथे नियम आहे की अशा व्यावसायिकाने लेखी दरपत्रक ग्राहकाच्या हातात द्यायला हवं. ते दर महाग असतात, ही मित्राची तक्रार. ती खरी असणार. माझं लक्ष मात्र पाटीकडे गेलं. आमच्या फाटकावरच्या घराला पाटी नाही. काम तेच, पण तिकडे तो पेशा आणि इकडे 'सवाबका काम'.

आता मुद्द्यावर येतो. मय्यतीला गुस्ल देणं, कफन घालणं, जनाज्याची नमाज आणि दफन हे फर्ज-ए-किफाया आहे, हे आपण मदरशात घोकलं. काहींनी केलं तर सगळ्यांच्या डोक्यावरचा भार उतरतो, कोणीच केलं नाही तर सगळे गुन्हेगार. व्यवस्था सुंदर आहे. पण आमच्या गावात ते 'काही' गेल्या चार पिढ्या एकाच घरातले आहेत. बाकी पाच-सहाशे घरं भार उतरलेली. फर्ज वस्तीचा होता, आपण तो एका कुटुंबाच्या नावावर चढवला. नंतर त्या कुटुंबाशी कसं वागलो ते सांगतो.

जमात त्यांना महिन्याला तीन हजार देते. त्यावर मय्यतवाले 'खुशीने' देतील ते. अब्बांच्या चाळिसाव्याला आम्ही बिर्याणीवर साठ हजार खर्च केले. चाचांच्या हातात त्या दिवशी अकराशे ठेवले होते, आणि तेव्हा मला ते बरेच वाटले होते. हा हिशोब मी मुद्दाम लिहितोय. कोणाच्याही घरातला काढा, फार वेगळा निघणार नाही.

चाचा स्वतः कधी मागत नाहीत. मागितलं तर लोक म्हणतील, मुर्द्यांवर कमावतो. ही भीती त्यांच्या मनात कोणी घातली? सवाबच्या कामाचे पैसे कसले, असं म्हणणारे आपणच. आमच्या इमामसाहेबांना मी विचारलं. ते म्हणाले, गुस्ल विनामोबदला देणं उत्तम, पण कबर खोदणाऱ्याला मजुरी देण्यात काही गैर नाही, आणि ती कमी देण्यात तर नक्कीच गैर आहे. इमामांच्या मानधनाचा प्रश्न निदान १९९३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. गोरकनाच्या मानधनाचा प्रश्न आमच्या कमिटीच्या बैठकीपर्यंत पोहोचलेला नाही.

पैशापेक्षा वाईट गोष्ट दुसरी आहे, ती लिहायला जड जातं. चाचांचा थोरला मुलगा डी. फार्मसी झाला. देखणा, नमाजी, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. माझ्या मामेबहिणीसाठी त्याचं नाव निघालं. मामीने चहाचा कप खाली ठेवत म्हटलं, "लड़का अच्छा है, पर घर कब्रस्तान में है." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच बसलो होतो, चहा पीत राहिलो. आपल्यात जात नाही, सगळे एका सफमध्ये उभे राहतात, हे मी व्यासपीठावरून कितीदा बोललोय. शब्बीर अन्सारींनी मुस्लिम ओबीसींची चळवळ उभी केली तेव्हा आपल्यातल्याच लोकांनी त्यांना 'उम्मतमध्ये फूट पाडता' म्हणून ऐकवलं. ती फूट आमच्या मामीच्या दिवाणखान्यात आधीपासून बसलेली होती. ज्या हातांनी नानांना कफन घातलं, त्या घरी मुलगी द्यायची म्हटलं की अंगावर काटा येतो.

आणखी एक गोष्ट या घराकडे आहे, तिचा गावाला विसर पडलाय. वही. आपल्या बहुतेक कबरी कच्च्या. चार पावसाळे गेले की उंचवटा बसतो, दगड असला तर सरकतो. चाचांच्या वडिलांनी जाड वहीत नोंदी सुरू केल्या, उर्दूत. तारीख, नाव, बापाचं नाव, आणि जागा: 'लिंबाच्या झाडापासून आठ पावलं', 'विहिरीकडची तिसरी रांग'. चाचांना लिहिता येत नाही, त्यांच्या काळातल्या नोंदी मदरशातल्या पोरांनी केल्या. आता मुलं मराठीत लिहितात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, आणि आमच्या नगरपालिकेत त्यासाठी कब्रस्तानाची पावती लागते, ती याच वहीवरून निघते. २०१९-२० च्या हिवाळ्यात कागदपत्रांच्या भीतीने लोक सैरभैर झाले होते, तेव्हा या पत्र्याच्या घरासमोर रांग लागायची. आजोबा कधी वारले, पणजोबा इथेच पुरलेत ना, एवढं लिहून द्या. एरवी त्या घरचं पाणी प्यायला कचरणारे लोक त्या महिन्यात तिथे चहा पिऊन गेले.

आणि वहीत नाही ते चाचांच्या डोक्यात आहे. सौदीहून बावीस वर्षांनी परतलेला एक माणूस आईची कबर शोधत आला होता. चाचांनी नाव विचारलं, थोडं आठवलं, काठी टेकत आत गेले आणि एका सपाट जागेवर काठी ठेवली. तो माणूस तिथेच बसला. चाचा मागे वळून आले, त्याला एकटं सोडून.

कोविडमधलं सगळं सांगत बसत नाही, तुम्हीही पाहिलंय. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेने सगळ्याच धर्मांच्या कोविड मृतांना दहन करण्याचं परिपत्रक काढलं आणि लगेच मागे घेतलं. वांद्र्याच्या कब्रस्तानाचा वाद उच्च न्यायालयात गेला. दफनाने संसर्ग पसरतो याला आधार नाही, सन्मानाने दफन हा माणसाचा हक्क आहे, असं न्यायालयाने सांगितलं. आपण त्या निकालाचे फोटो एकमेकांना पाठवले. पण तो हक्क जमिनीवर उतरवायला कुदळ लागते. आमच्या गावात ती या दोन भावांच्या हातात होती. मय्यतीला अंघोळ घालायची परवानगी नव्हती, नातेवाईक कुंपणाबाहेर उभे, आणि ही दोघं प्लास्टिकच्या पोशाखात घामाने निथळत कबर बुजवतायत. सरकारचा ५० लाखांचा विमा आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी होता, यांच्यासाठी काही नव्हतं. दुसऱ्या लाटेत एकदा दिवसाला चार कबरी खोदल्या. सत्कार कमिटीच्या अध्यक्षांचा झाला.

आता थोरला मुलगा चाकणला औषधांच्या गोदामात नोकरीला लागलाय. धाकटाही जाईन म्हणतो. चाचांचे गुडघे गेलेत. कोणत्या तोंडाने त्यांना थांबा म्हणायचं? मी तर त्या पोरांना जाच म्हणेन. एका घराने पिढ्यान्‌पिढ्या हेच करावं, अशी अपेक्षा ठेवणं हीच मुळात चूक होती. प्रश्न उरलेल्या पाच-सहाशे घरांचा आहे.

काही जण म्हणतात, शहरात आता गुस्लच्या संस्था निघाल्यात, फोन केला की गाडी येते, आपणही तसं करू. करा, वाईट नाही. पण पैसे देऊन बाहेरचा माणूस बोलावला की शिकण्याची टाळाटाळ आणखी सोपी होईल, याची मला धास्ती वाटते. मी कमिटीला लेखी अर्ज दिला. गोरकनाला ठरलेला पगार आणि प्रत्येक कबरीची ठरलेली मजुरी, मशिदीबाहेर फलकावर लिहिलेली. वहीची नक्कल आणि छायाचित्रं. दर मोहल्ल्यातून दोन पुरुष आणि दोन बायकांनी चाचा-चाचींकडून गुस्ल शिकायचं, ते दोघं आहेत तोवर. सेक्रेटरींनी अर्ज खिशात ठेवला आणि म्हणाले, "ईद के बाद देखते." कुठली ईद, ते मी विचारलं नाही.

वहीचं काम मी सुरू केलंय, रविवारी सकाळी दोन तास. उर्दूतली जुनी पानं वाचताना चाचा शेजारी बसून दुरुस्त्या सांगतात. शिकायला सध्या आम्ही तिघं आहोत: मी, एक रिक्षावाला आणि बारावीतला एक मुलगा. चाचीकडे माझी बायको जाते, तिच्यासोबत शाळेतल्या एक मॅडम.

मागच्या महिन्यात आमच्या गल्लीतले एक म्हातारे गेले. चाचा खुर्चीवर बसले आणि तांब्या माझ्याकडे दिला. या वेळी बाजू चुकली नाही. हात मात्र थरथरत होते, पाणी जोरात पडलं.

"हल्लू, मास्टर," चाचा म्हणाले. "हल्लू डालो. उनकू लगताय."