काढता येत नाही, की काढू देत नाहीत?

नवा संगणक घेतला की इंटरनेट पाहण्याचा ब्राउझर त्यात आधीच बसवलेला असतो. तो नको असेल तर काढता येतो काय? हा प्रश्न अमेरिकेत थेट न्यायालयात गेला.

मे १९९८ मध्ये अमेरिकी सरकारने मायक्रोसॉफ्ट कंपनीवर खटला भरला. विंडोज ९८ आणि इंटरनेट एक्सप्लोरर एकजीव आहेत, वेगळे करता येणार नाहीत, असे कंपनीचे म्हणणे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे एडवर्ड फेल्टन यांनी तो ब्राउझर दूर करणारा प्रोग्रॅमच तयार करून साक्ष दिली. उत्तरादाखल कंपनीने चित्रफीत दाखवली; तिच्यातील विसंगती फेब्रुवारी १९९९ मध्ये भर न्यायालयात उघडी पडली. काढून टाकण्याच्या प्रोग्रॅमांच्या यादीतून ब्राउझर वगळणे स्पर्धेला मारक होते, हे २००१ मध्ये अपील न्यायालयानेही मान्य केले.

कंपनीच्या म्हणण्यात तथ्य एवढेच, की ब्राउझरचे काही भाग इतर प्रोग्रॅमही वापरतात. म्हणून फाइली हाताने पुसू नयेत, संगणक बिघडतो.

आता एक्सप्लोररच्या जागी एज आहे. युरोपीय संघाच्या नव्या कायद्यामुळे २०२४ पासून तेथील ग्राहकाला एज काढण्याची सोय कंपनीने दिली. म्हणजे अडचण यंत्राची नव्हती, इच्छेची होती. जिथे कायदा झाला, तिथे वाट निघाली.

आपण काय करावे? फायरफॉक्ससारखा दुसरा ब्राउझर मोफत मिळतो. तो घ्यावा आणि सेटिंगमध्ये जाऊन तोच नेहमीसाठी ठरवावा. जुना मग पडून राहिला तरी चालतो.