तेराव्या वर्षी उशीर कसला?



सप्टेंबरमध्ये शाळा सुरू झाल्या की आपल्या ग्रुपवर हा प्रश्न हमखास येतो: "मुलगी तेरा वर्षांची आहे, आता खेळ सुरू करून काही उपयोग आहे का?" उत्तरंही ठरलेली. बाकीची मुलं पाचव्या वर्षापासून खेळतायत, आता गाडी सुटली, त्यापेक्षा मॅथ्सचा क्लास लावा.

मला हे अजिबात पटत नाही. कारण सांगते, आणि ते इथल्या नद्यांवरच्या रोइंगमधून सांगते.

मी सीए, त्यामुळे आधी आकडे. १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये ब्रिटनला सगळ्या खेळांत मिळून एकच सुवर्ण मिळालं, तेही रोइंगमध्ये. २०१२ ला लंडनमध्ये एकट्या रोइंगची नऊ पदकं होती, त्यातली चार सुवर्ण. मधल्या काळात लॉटरीचा पैसा आला हे खरंच. पण त्याबरोबर, ज्यांनी कधी नदीकाठचा क्लब पाहिला नव्हता अशी माणसंही शोधली गेली. २००७ मध्ये 'स्पोर्टिंग जायंट्स' नावाची मोहीम निघाली: उंच आहात, खेळाडू आहात, तर या, रोइंग आम्ही शिकवू. हेलन ग्लोव्हर त्यातून आली. २००८ मध्ये तिने रोइंग सुरू केलं तेव्हा तिने विशी ओलांडली होती. चारच वर्षांनी हेदर स्टॅनिंगबरोबर तिने लंडन ऑलिंपिकमधलं ब्रिटनचं पहिलं सुवर्ण जिंकलं. ब्रिटिश महिलांचं रोइंगमधलं ते पहिलंवहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

आणि आपला दत्तू भोकनळ? चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. २०१२ मध्ये सैन्यात भरती झाल्यावर त्याची या खेळाशी गाठ पडली, तीही विशीनंतरच. २०१६ ला रिओमध्ये एकट्याच्या नौकेत तो जगात तेरावा आला, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत सुवर्ण. याच खेळातल्या नामांकित हेन्ली रेगाटात १९३० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अंगमेहनतीवर पोट भरणाऱ्यांना प्रवेशच नव्हता. मजुरी करून आलेला दत्तू तेव्हा दारातच अडला असता.

रोइंगमध्ये हे जमतं, कारण जोर मुख्यतः पायांचा आणि दमसासाचा असतो, आणि तो वयात आल्यावर वाढतो. रोइंग मशीनवर २००० मीटरला किती वेळ लागला, हे आकड्यात दिसतं. आडनाव, शाळा, कितव्या वर्षी सुरुवात केली, मशीन काही विचारत नाही.

"पण हा श्रीमंतांच्या शाळांचा खेळ!" हो, बऱ्याच अंशी आहे. तरी नौका क्लबची असते, आपण विकत घ्यायची नसते. बरेच क्लब नवख्या मुलांना घेतात. 'लंडन यूथ रोइंग'सारखी संस्था सरकारी शाळांतल्या मुलांपर्यंत हा खेळ नेते. अमेरिकेतल्या मंडळींनो, तुमच्याकडे कितीतरी कॉलेजांच्या महिला संघांत आधी कधीच वल्हं न धरलेल्या मुलींनाही घेतात.

माझी लेक चौदाव्या वर्षी लागली. पदक शून्य, हातांना घट्टे भरपूर, रविवारी पहाटे मला गाडी काढावी लागते. युनिव्हर्सिटीच्या अर्जात याचा किती फायदा, हा हिशोब मी मांडलेला नाही, मांडणारही नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. तेराव्या वर्षी "तुझी वेळ गेली" हे आईबाबांच्या तोंडून ऐकलेलं मूल तिशीत नोकरी बदलताना, चाळिशीत नवं काही शिकताना तेच वाक्य स्वतःला ऐकवणार. आपण स्वतः पंचविशी-तिशीत देश बदलून आलो, नव्याने सगळं शिकलो. मग मुलांनाच ही घाई कशाला?

या आठवड्यात जवळच्या क्लबला एक फोन करून बघा. पोहता येतं का, हे आधी विचारतील. वय विचारलं तर बिनधास्त सांगा.