लघुअश्वाच्या वंशावळीतील अरबी रक्त : एका समजाची तपासणी

आयाळीचे शेवटचे केस जिथे संपतात तिथे मोजली असता ज्याची उंची ३४ इंचांच्या आत भरते, अशा घोड्याला अमेरिकेतील १९७८ साली स्थापन झालेली लघुअश्व संघटना ‘मिनिएचर हॉर्स’ म्हणून मान्यता देते. हा घोडा म्हणजे अरबी घोड्याची लहान आवृत्ती होय, निदान त्याच्या रक्तात अरबी अंश ठळक आहे, असा समज पैदासकारांत आणि हौशी मालकांत चांगलाच रुजलेला असून, विक्रीच्या जाहिरातींत तर तो सिद्ध गोष्टीसारखा मांडला जातो. या पूर्वपक्षाचा मुख्य आधार दिसण्याचा आहे : कपाळाखाली आत वळलेली नाकाची रेषा, मोठे डोळे, निमुळते तोंड आणि उंच धरलेली शेपटी ही अरबी घोड्याची लक्षणे ज्या अर्थी लघुअश्वात आढळतात, त्या अर्थी त्याचे रक्तही अरबी असले पाहिजे, असे हे अनुमान आहे. दुसरा आधार कागदोपत्री वंशावळीचा असून तो पहिल्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. त्याचा विचार पुढे येईल.

रूपसादृश्यावरून वंश ठरवणे हे अनुमानच सदोष आहे, कारण सारखे रूप वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकते. अरबी घोड्याच्या चेहऱ्याचा खोलगटपणा डोळ्यांच्या खालून नाकपुड्यांपर्यंतच्या लांब, रेखीव हाडावर उतरत जातो आणि त्याचे कपाळ किंचित पुढे आलेले असते. लघुअश्वात मात्र शरीर जितके आक्रसते तितक्या प्रमाणात मेंदू आणि डोळे लहान होत नाहीत. त्यामुळे कवटीचा वरचा भाग मोठा, नाकाचे हाड आखूड आणि एकंदर चेहरा शिंगराच्या चेहऱ्यासारखा दिसतो. या दिशेने निवड करत गेल्यास पुढे काय वाढून ठेवलेले असते, हे जाणून घेणे फार आवश्यक आहे. कूर्चेच्या, म्हणजे हाडांच्या टोकांशी असणाऱ्या लवचीक ऊतीच्या, घडणीला लागणाऱ्या ‘ॲग्रिकॅन’ नावाच्या प्रथिनाच्या जनुकात लघुअश्वांमध्ये चार प्रकारचे दोष सापडले आहेत. आई आणि बाप या दोघांकडूनही असा दोष आलेले शिंगरू खुजेपणाच्या विकाराने ग्रस्त होते : कपाळ फुगलेले, नाक बसके, खालचा जबडा पुढे आलेला, दातांची रांग न जुळणारी आणि पाय वाकडे. दोषाची एकच प्रत बाळगणारा घोडा मात्र वरकरणी धडधाकट दिसतो. तेव्हा ज्याला कौतुकाने ‘अरबी डोके’ म्हटले जाते त्याचे मूळ अरबस्तानातच शोधण्याचे कारण उरत नाही, आणि त्या डोक्याच्या हव्यासापायी विकाराच्या वाटेवर पाऊल पडण्याचा धोका मात्र खरा आहे.

रंगाची साक्षही या पूर्वपक्षाला अनुकूल नाही. लघुअश्वांत काळ्या घोड्याची आयाळ रुपेरी करणारे जनुक आणि अंगावर चित्त्यासारखे ठिपके उठवणारे जनुक ही दोन्ही सर्रास आढळतात, तर शुद्ध अरबी जातीत ती आढळत नाहीत. अर्थात यावरून लघुअश्वाचे काही पूर्वज अरबी नव्हते एवढेच सिद्ध होते. एकही अरबी नव्हता असे सिद्ध होत नाही. अरबी घोड्याची खूण म्हणून बरगड्यांच्या १७ जोड्यांचा जो दाखला दिला जातो तोही टिकत नाही, कारण ही संख्या सर्व अरबी घोड्यांत एकसारखी नसते.

लघुअश्वाचा मुख्य प्रवाह कोठून आला, हे पाहण्यासाठी स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांकडे वळावे लागते. थंडी, वारा आणि तुटपुंजा चारा यांत शतकानुशतके तग धरलेली तिथली तट्टे मुळातच ठेंगणी होती. ब्रिटनमध्ये १८४२ च्या कायद्याने स्त्रियांना आणि लहान मुलांना कोळशाच्या खाणीत भूमिगत कामावर ठेवण्यास बंदी घातल्यावर, अरुंद बोगद्यांतून कोळशाच्या गाड्या ओढण्यासाठी या तट्टांची मागणी वाढली. खाणमालक लॉर्ड लंडनडेरी यांनी १८७० च्या सुमारास ब्रेसे आणि नॉस या बेटांवर पैदास केंद्र उभारले, आणि जमिनीलगतचे पण वजनदार, हाडापेराने मजबूत तट्टू मिळावे यासाठी नरांची काटेकोर निवड केली. त्यांच्या ‘जॅक’ नावाच्या नराचा प्रभाव पुढच्या वंशावळ्यांवर दीर्घकाळ राहिला. अमेरिकेत आयात झालेल्या तट्टांमध्ये खाणीसाठी पोसलेल्या या रक्ताचा मोठा वाटा होता. सुमारे ६० इंच उंचीच्या अरबी घोड्याला काही दशकांत ३४ इंचांवर आणण्याची कल्पना करण्यापेक्षा, जी ठेंगणी होतीच त्यांतून आणखी ठेंगणी निवडली गेली हे मानणे सयुक्तिक ठरते. संपूर्ण जनुकसंचाची तुलना करणाऱ्या अभ्यासांतही लघुअश्व अरबी घोड्याशेजारी नव्हे, तर शेटलंड तट्टाशेजारी बसतो.

इतके खंडन झाल्यावर दुसऱ्या टोकाला जाऊन, लघुअश्वात अरबी रक्ताचा थेंबही नाही, असे म्हणणे तितकेच चुकीचे होईल. वंशावळीचा आधार येथे खरोखर उपयोगी पडतो. वेल्सच्या डोंगराळ तट्टांत अठराव्या शतकापासून अरबी आणि थरोब्रेड या शर्यतीच्या जातीचे नर सोडले गेले. अनुमस्तिष्काचा, म्हणजे मेंदूच्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा, ऱ्हास घडवणारा आणि मूलतः अरबी जातीत आढळणारा एक आनुवंशिक दोष वेल्श तट्टांतही सापडला आहे, आणि रूपसादृश्यापेक्षा अशी खूण कितीतरी विश्वसनीय असते. हॅकनी या गाडीला जुंपायच्या जातीचा मूळपुरुष १७५५ साली जन्मलेला ‘शेल्स’ हा ‘ब्लेझ’चा पुत्र, ब्लेझ हा ‘फ्लाइंग चाइल्डर्स’चा पुत्र, आणि फ्लाइंग चाइल्डर्स हा १७०४ साली सीरियातून इंग्लंडात आणलेल्या ‘डार्ले अरेबियन’चा पुत्र. अमेरिकेत विसाव्या शतकात शेटलंड तट्टांचा हॅकनीशी संकर होऊन उंच पाय टाकणारा नवा प्रकार तयार झाला. आणि १८८८ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन शेटलंड मंडळानेच १९७२ मध्ये लघुअश्वांची नोंदवही सुरू केली, जिच्यात ३८ इंचांपर्यंतच्या घोड्यांचाही एक विभाग आहे. अर्जेंटिनातील फालाबेला कुटुंबाच्या लघुअश्वांच्या प्रसिद्ध कळपातही शेटलंडबरोबर वेल्श तट्टे आणि लहान चणीचे थरोब्रेड वापरले गेले. या वाटांनी अरबी रक्त आले, हे नाकारता येत नाही.

प्रश्न मात्र प्रमाणाचा आहे. दहाव्या पिढीतील एका पूर्वजाचा सरासरी वाटा १०२४ भागांपैकी एक भाग इतकाच उरतो, आणि शेल्सपासून आजच्या लघुअश्वापर्यंत दहापेक्षा कितीतरी अधिक पिढ्या लोटल्या आहेत. शिवाय डार्ले अरेबियनचे अरबीपणही निर्विवाद नाही. पित्याकडून पुत्राकडे जवळजवळ जसाच्या तसा जाणाऱ्या वाय गुणसूत्राचा बार्बरा वॉलनर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात, डार्ले अरेबियन ज्यांचा एक मूळपुरुष आहे त्या थरोब्रेडच्या नर-परंपरा अरबी शाखेत नव्हे, तर मध्य आशियातील तुर्कोमान घोड्यांच्या शाखेत बसल्या. आधुनिक जातींच्या बहुतेक नर-परंपरा पूर्वेकडून आलेल्या घोड्यांपर्यंत पोहोचतात, हे याच अभ्यासाने दाखवले. पण त्या नियमाला अपवाद ठरलेल्या उत्तर युरोपीय परंपरांमध्ये शेटलंड तट्टांच्या परंपरेचाही समावेश आहे. पूर्वेकडचा प्रत्येक घोडा अरबी नव्हे. उत्तर आफ्रिकेचा बार्ब आणि तुर्कोमान यांना अरबीच्या खात्यात टाकून देण्याच्या सवयीने या वादात जितका गोंधळ माजवला आहे तितका दुसऱ्या कशानेही नाही.

अरबी नाव जोडल्यावाचून घोड्याला प्रतिष्ठा नाही, ही वृत्ती मराठी वाचकाला अनोळखी नाही. भीमथडीच्या तट्टांबद्दलही अरबी मिश्रणाची गोष्ट सांगितली जाते, परंतु मराठ्यांच्या घोडदळात त्यांनी नाव कमावले ते दुष्काळी मुलखात थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारण्याच्या काटकपणामुळे. लघुअश्वाच्या बाबतीतही अभिमानाचा खरा विषय वादळी बेटांवर जगलेले आणि खाणीच्या अंधारात राबलेले ते तट्टूच असायला हवे. त्याचे श्रेय वाळवंटातील एखाद्या दूरच्या पूर्वजाला देणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

म्हणून ज्या पैदासकाराला आपल्या घोड्याचे अरबीपण सांगायचे असेल त्याने तो पूर्वज कोणता, कितव्या पिढीत आणि कोणत्या जातीच्या वाटेने आला हे नोंदवहीच्या आधारे सांगावे. आणि शिंगरू विकत घेणाऱ्याने त्याच्या चेहऱ्याच्या वळणावर भाळण्याआधी आईबापांच्या ॲग्रिकॅन जनुकाच्या चाचणीचा अहवाल मागून घ्यावा.